नकलेची वही

शिंप्यापुढे शब्द चालत नाहीत, हे मला गेल्या वर्षी समजले. माझा सारा व्यवहार शब्दांचा. दिवसा शाळेत मुलांना ते शिकवायचे आणि रात्री घरी कादंबरीत ते मांडीत बसायचे. त्यामुळे आपण नीट सांगितले की ऐकणाऱ्याला ते कळलेच पाहिजे, अशी माझी भाबडी समजूत होती. उल्हासनगरच्या एका टेलरमास्तरांनी ती दोन वाक्यांत मोडून काढली.

झाले असे, की आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सातवीच्या मुली कालियामर्दनाची नृत्यनाटिका करणार होत्या. असले पोषाख आम्ही आजवर भाड्याने आणीत असू. पण भाड्याच्या कृष्णाची नेहमीची तऱ्हा म्हणजे पितांबराची जर उसवलेली, शेल्याला आधीच्या कृष्णाच्या घामाचा वास, आणि अंगासाठी दिलेला निळा अंगरखा थेट पाण्याच्या प्लॅस्टिकच्या पिंपाच्या रंगाचा! मोठ्या बाई म्हणाल्या, "यंदा आपण शिवूनच घेऊ. तुम्ही लेखिका. तुम्हाला कल्पना सुचतात. तुम्हीच बघा."

मी मास्तरांपुढे स्टुलावर बसले अन् कल्पना सांगू लागले. पोषाख कसा हलका हवा, नाचताना त्याला लाटेची गती कशी हवी, निळा रंग कसा सावळेपणाकडे झुकणारा पण काळोखा नव्हे... चांगली पाच मिनिटे बोलले. गळ्यातल्या टेपची दोन्ही टोके धरून मास्तर शांतपणे ऐकत होते. माझे संपल्यावर म्हणाले, "बाई, बोलणं छान आहे. आता चित्र आणा."

उल्हासनगर ते अंबरनाथ हे गाडीने एका स्टेशनाचे अंतर. पण तेवढ्यात मी पंचवीस वर्षे मागे जाऊन आले. मला अण्णांची वही आठवली होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. काडेपेट्यांच्या कारखान्यात ते नोकरीला होते आणि त्यांचा रविवार नाटकांचा होता. कामगारांच्या हौशी नाटकांचे पडदे रंगवावेत, पुठ्ठ्याचे मुकुट करावेत, पोषाखांची चित्रे काढून द्यावीत, यात त्यांना विलक्षण गोडी. असाच कुठल्याशा नाटकातल्या राजाचा पोषाख शोधीत ते एकदा मुंबईच्या एका जुन्या वाचनालयात गेले आणि तिथे रशियन बॅलेवरचे एक भले थोरले इंग्रजी पुस्तक त्यांच्या हाती पडले. इंग्रजी त्यांना बेताचेच येई. पण पोषाख पाहायला कुठले आले आहे इंग्रजी!

त्या पुस्तकातली बरीचशी चित्रे लेऑन बाक्स्ट या चित्रकाराची होती. दियागिलेव नावाच्या एका रशियन गृहस्थाने १९०९ साली पॅरिसला बॅलेचे खेळ सुरू केले, तेव्हा बाक्स्ट त्याच्याकडे पडदे आणि पोषाख यांची आखणी करी. १९१० साली त्यांनी 'शेहेराजादी' रंगभूमीवर आणले आणि त्यातल्या भडक नारिंगी-हिरव्या रंगांनी पॅरिसच्या बायकांची लुगडी, म्हणजे त्यांचे झगे आणि दिवाणखान्यांतले पडदे, बदलून टाकले असे म्हणतात. आणि १९१२ च्या मे महिन्यात आला 'निळा देव'. कथा हिंदुस्थानातली कल्पिलेली, देव आपल्या कृष्णाच्या जवळपासचा, आणि तो नाचला निजिन्स्की. त्याच्या अंगाला निळा रंग फासलेला होता. खेळ फार दिवस चालला नाही, पण पोषाख राहिले. निजिन्स्कीने घातलेला त्या देवाचा पोषाख आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

हे सारे मी पुढे वाचले. अण्णांना यातले थोडेच ठाऊक असावे. त्यांना एवढेच दिसले, की इतक्या दूर, पॅरिसमध्ये बसून कोणी आपला निळा देव रंगवला आहे. तो घरी नेल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

पुस्तक घरी मिळत नसे. तिथेच बसून पाहावे, हवे तर पेन्सिलीने टिपून घ्यावे. रंगाची बाटली उघडायला मात्र बंदी होती, आणि ती रास्तच होती. अण्णांनी त्यावर तोड काढली. वाचनालय उघडे असेल त्या सुट्टीला सकाळच्या गाडीने साठ किलोमीटर मुंबई गाठायची, एक चित्र पेन्सिलीने उतरवून घ्यायचे, समासात रंगांच्या खुणा लिहायच्या, आणि रात्री घरच्या दिव्याखाली ते रंगवायला बसायचे. लग्नानंतरची चार-पाच वर्षे, माझ्या जन्माच्या आगेमागे, हा क्रम चालला होता. अशी बावीस चित्रे त्या वहीत होती.

आता सांगायची ती गोष्ट सांगते. ती सांगायला मला बरे वाटत नाही.

१९९९ च्या दिवाळीत माझी पहिली कथा छापून आली. मी वीस वर्षांची होते. अण्णांनी तो अंक घेऊन अख्खी चाळ पालथी घातली. ज्यांनी जन्मात कथा वाचली नव्हती त्यांनाही माझे नाव बोट ठेवून दाखवले. त्या रात्री फराळ झाल्यावर त्यांनी पेटीतून ती वही काढली. "तू आता कलावंत झालीस. तुला दाखवायला हरकत नाही," म्हणाले. मी पाने उलटली. चित्रे सुरेख होती. पण माझ्या डोक्यात नवी कथा, नवे नाव आणि 'स्वतंत्र निर्मिती' हा शब्द नुकताच शिरलेला. मी म्हटले, "अण्णा, छान आहे. पण हे सगळं दुसऱ्याचं. नक्कलच की ही! यात तुमचं काय आहे?"

अण्णा हसले. "माझं? माझं काही नाही गं," म्हणाले आणि वही बंद करून तिला दोरी बांधली. त्यानंतर त्यांनी ती काढलेली मला आठवत नाही. २००४ साली ते गेले.

दुसऱ्या वर्षी २६ जुलैचा पाऊस झाला. उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्या पात्र सोडून वस्त्यांत आल्या. आमचे घर तळमजल्यावर होते. पाणी पेटीत शिरले. ओसरल्यावर आईने ती वही उचलली, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातून कोरडी वर्तमानपत्रे मागून आणली आणि एकेक पान सोडवून त्यात घालून वाळवले. मी तेव्हा म्हटलेसुद्धा, "आता त्यात काय राहिलंय?" आई काही बोलली नाही.

तीच वही मी त्या संध्याकाळी, मास्तरांचे बोलणे ऐकून आल्यावर, उघडली. रंग सगळे वाहून गेले होते. पाने पिवळट पडली होती, त्यांवर कुठे तांबूस, कुठे निळसर डाग. पण पेन्सिल पाण्याला दाद देत नाही. अण्णांची रेघ जशीच्या तशी होती. निळ्या देवाचे पानही होते. मास्तरांना दाखवण्यासारखे मात्र ते राहिले नव्हते, म्हणून मी नवा ड्रॉइंगचा कागद घेतला आणि त्यावरून दुसरे चित्र उतरवून घ्यायला बसले. म्हणजे नक्कल करायला बसले. तीही नकलेची नक्कल!

पहिल्या रात्री मला हाताची बोटे तेवढी उतरवता आली. नुसते पाहताना आपण म्हणतो, 'वा, हात किती नाजूक!' आणि पान उलटतो. उतरवताना ते चालत नाही. अंगठा कुठे वळतो, कंकणाची कड मनगटाच्या मागून कुठे बाहेर येते, हे एकेक विचारावे लागते. कंबरपट्ट्याशी अण्णांनी चार वेळा खोडून रेघ काढली होती. तिथे मीही चार वेळा खोडले. पाचव्या वेळी जमली तेव्हा माझ्या लक्षात आले, की अण्णांशी इतका वेळ मी कधी एका जागी बसले नव्हते.

आमच्या गावात नक्कल करणारे पूर्वीही येऊन गेले आहेत. पूर्वेला वालधुनीच्या काठी आमचे शिवमंदिर आहे, शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर शिळाहारांच्या काळातल्या सुरसुंदरी उभ्या आहेत. दर पावसाळ्यात त्यांचे नाक-डोळे थोडे थोडे झिजतात. १८६८ साली मुंबई सरकारने सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना इथे पाठवले आणि त्यांनी या मूर्तींची रेखाचित्रे काढली, साचे घेतले. मुलांना घेऊन मी दरवर्षी देवळात जाते, त्यांना हे सांगते. पण ती पोरे उन्हात बसून काय करीत होती, हे मला त्या रात्रीपर्यंत कळले नव्हते.

त्याच शाळेचे विद्यार्थी पुढे ग्रिफिथ्ससाहेबांबरोबर अजिंठ्याला गेले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या हाताने रंगवलेल्या प्रती केल्या. त्या लंडनला पाठवल्या, आणि १८८५ सालीच तिथल्या आगीत त्यांतल्या पुष्कळशा जळाल्या. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे अजिंठ्यात बसून केलेल्या प्रतींचेही हेच झाले होते. त्याही १८६६ च्या आगीत गेल्या. एकदा जळल्यावर पुन्हा कोणी का बसावे? पण माणसे बसली. आणि अजिंठ्याच्या त्या भिंतींवरच्या स्त्रिया १९२३ साली लंडनच्या रंगभूमीवरही उतरल्या. आपल्या देशात येऊन गेलेल्या अॅना पाव्हलोव्हाने कॉव्हेंट गार्डनला 'अजिंठ्याची भित्तिचित्रे' या नावाचा बॅलेच केला.

आठवड्याने माझे पेन्सिलचित्र मी मास्तरांपुढे ठेवले. आता मात्र तेच बोलू लागले. ही चुणी की झालर? कमरेला शिवण पुढून की बाजूने? नाचणारी गुडघा वर उचलणार का? मग इथे घेर वाढवायला हवा. त्यांनी कागदावरच खडूने दोन खुणा केल्या. मी दचकले. चित्रावर खडू! मास्तर म्हणाले, "बाई, हे भिंतीवर लावायचं चित्र नाही. कापायचं चित्र आहे."

किती खरे होते ते! बाक्स्टसुद्धा आपल्या चित्रांच्या कडेला शिवणाऱ्यांसाठी सूचना लिहीत असे. ते चित्र मुळी दुसऱ्या कोणी उतरवून घ्यावे म्हणूनच काढलेले. चित्रावरून शिंपी पोषाख करतो, पोषाखावरून नट चालायला शिकतो, आणि नटाला पाहून पुन्हा कोणी चित्रकार चित्र काढतो. त्या काळच्या पॅरिसमध्ये अशा नर्तकांच्या चित्रांचे आल्बमही हाताने रंगवून विकत. पातळ पत्र्याची कोरलेली जाळी कागदावर ठेवायची आणि कुंच्याने एकेक रंग भरायचा, जसे आपण दिवाळीत रांगोळीचे छापे वापरतो तसे. जॉर्ज बार्बिए या चित्रकाराचा कार्साविना या नर्तिकेवरचा १९१४ चा आल्बम असाच रंगवलेला आहे. त्या जाळ्या लावणाऱ्या कारागिरांना कोणी विचारले असेल का, 'यात तुमचं काय?'

आता प्रश्न रंगांचा राहिला. पाने धुऊन गेली होती, पण समासातली पेन्सिल शाबूत होती. आतापर्यंत मी ती नीट वाचलीच नव्हती. मला वाटले होते, असेल 'निळा', 'तांबडा' वगैरे. वाचू लागले आणि थांबले.

एका शेल्यापुढे लिहिले होते, 'देवघरातली पितळ, घासण्याआधी.' एका विजारीपुढे, 'आमसुलाचे पाणी, दुसऱ्या दिवशीचे.' एका टोपीच्या गोंड्यापुढे, 'ओला गुल.' ओल्या गुलाचा तांबडा रंग काडेपेटीच्या कारखान्यातल्या माणसालाच सुचणार! एका राक्षसाच्या काळ्या झग्यापुढे होते, 'शंकराच्या देवळाची मागची भिंत, पावसात.' आणि एका बालनर्तिकेच्या गालापुढे, 'बाळीचा, आंघोळीनंतर.'

बाळी म्हणजे मी.

मग हळूहळू उमगले. रंग डोक्यात राहत नाही. पाहिला तेव्हा पक्का वाटतो, पण साठ किलोमीटर गाडीत गर्दी, घाम, दारातला वारा, यांतून घरी येईपर्यंत तो कुठला कुठे जातो. त्याला कशाला तरी बांधून आणावे लागते. अण्णांनी त्या परक्या पोषाखांचा एकेक रंग आमच्या घरातल्या वस्तूला बांधून आणला होता. रात्री ते ती वस्तू शोधीत आणि तिच्याशी ताडून रंग घोटीत. पॅरिसचा पोषाख आमच्या देवघराने, स्वयंपाकघराने, मोरीपाशी न्हाऊन आलेल्या पोरीने रंगवला होता. मी विचारले होते, यात तुमचं काय आहे? अण्णांनी समासाकडे बोट दाखवले असते तरी माझे तोंड बंद झाले असते. पण त्यांनी दाखवले नाही. कदाचित त्यांनाही ते मोठेसे वाटले नसेल.

निळ्या देवाच्या अंगापुढे मात्र एवढेच होते, 'दिवाळसणाचा.'

दिवाळसणाचा काय? मी वही घेऊन आईकडे गेले. ती तांदूळ निवडीत होती. चष्मा वर करून तिने ते अक्षर पाहिले आणि बराच वेळ तशीच बसली.

"साडी गं," मग ती म्हणाली. "पंचाहत्तर सालची. तुझ्या आजीनं दिवाळसणाला दिली होती. इरकल, चिंतामणी रंगाची. एका रविवारी हे मुंबईहून आले आणि म्हणाले, ती साडी काढ. मला वाटलं, नेसून दाखवायला सांगतायत. मी आपली केसबिस सारखे करून आले. तर म्हणाले, दिव्याखाली धरून उभी राहा! अकरा वाजेपर्यंत रंग घोटत होते. माझा हात भरून आला. देवाला रंग लावायचाय म्हणाले, मग मी काय बोलणार?"

"ती साडी आहे?"

"साडी कुठली राहायला! गोधडीत गेली."

तिनेच गोधडी काढली. वरचा चिंतामणी तुकडा विटून राखेसारखा झाला होता. मी निराश झाले. पण आईने सुई घेतली, कडेचे टाके उसवले आणि थराच्या आत दुमडून गेलेली कापडाची बोटभर पट्टी बाहेर काढली. तिथे ऊन पोचले नव्हते, साबण पोचला नव्हता. पन्नास वर्षांपूर्वीचा निळा रंग तिथे होता. मोरपंखी नव्हे, आकाशी नव्हे, सावळेपणाकडे झुकणारा आणि तरीही काळोखा नसलेला. मास्तरांपुढे पाच मिनिटे बोलून मला जो सांगता आला नव्हता, तोच.

ती पट्टी घेऊन मी उल्हासनगरच्या बाजारात एका मॅचिंग सेंटरमध्ये गेले. दुकानदाराने ती चिमटीत धरली, ट्यूबलाइटखाली पाहिलीच नाही, सरळ पायरी उतरून उन्हात गेला. "पुराना कलर है, मॅडम. आता कोणी मागत नाही," म्हणाला. चार तागे उघडले, तीन बाजूला सारले आणि चौथ्यावर पट्टी ठेवली, तेव्हा ती दिसेनाशी झाली. त्याच कापडाचा मास्तरांनी कृष्णाच्या अंगाचा पोषाख शिवला.

संमेलनाला आई पहिल्या रांगेत बसली होती. पडदा वर गेला. कालियाच्या फण्यावर आमची सातवीतली मुलगी निळी होऊन उभी राहिली. तिचे लक्ष पावलांकडे होते, पुठ्ठ्याच्या मुकुटाकडे होते, आणि बहुधा पहिल्या रांगेत बसलेल्या स्वतःच्या आईकडे. आपल्या अंगावर कोणाचा दिवाळसण आहे हे तिला ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती. माझी आई एकटक पाहत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे टाळले.

त्यानंतर मी वहीतली चित्रे एकेक करून नव्या कागदावर उतरवते आहे. शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी एक. आमसुले रात्री भिजत घालते. देवघरातली पितळ घासायचे लांबवते, त्याबद्दल आईची बोलणी खाते. बाळीच्या गालाचा रंग तेवढा आता घरात मिळत नाही. तो शेजारच्या बिऱ्हाडातल्या तान्ह्या मुलीवरून घेतला. बावीसपैकी नऊ झाली आहेत.

निळ्या देवाचे चित्र पहिल्यांदा पुरे झाले, तेव्हा मी ते आईला नेऊन दाखवले. तिने ते खिडकीपाशी उजेडात धरले, दूर नेले, जवळ आणले. मला वाटले, आता तिचे डोळे भरून येणार.

"जरा गडद झालाय गं," ती म्हणाली. "ह्यांचा एवढा नव्हता."

मी पेन्सिल घेतली. समासात अण्णांचा शब्द मी उतरवून ठेवला होताच, 'दिवाळसणाचा.' त्याच्याखाली लिहिले, 'आई म्हणते, थोडा उजळ.'